घोड्यावरच्या थेरपीच्या नावाखाली आमचे १,९७,३०० रुपये गेले, पैसे भरण्याआधी हे वाचा

सीपी, म्हणजे सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींवर ताबा न राहणं) असलेल्या मुलांच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर, आम्हाला फसवणाऱ्या सेंटरचा तो व्हिडिओ पुन्हा फिरायला लागलाय. पांढऱ्या घोड्यावर बसलेली छोटी मुलगी, मग तीच मुलगी वॉकर सोडून चार पावलं टाकते, आईच्या डोळ्यांत पाणी आणि खाली मोबाईल नंबर. सेंटरचं नाव या वेळी वेगळं आहे, नंबरही वेगळा आहे. व्हिडिओ तोच आहे, आणि तो या राज्यातलाच काय, या देशातलाही नाही. मागची पाटी नीट बघा, अक्षरं परकी आहेत. नवरा म्हणाला, लिहू नकोस, लोक आपल्यालाच नावं ठेवतील. ठेवू देत. अजून एका घरातून पैसे जाण्यापेक्षा ते बरं.

आमचा मुलगा सहा वर्षांचा आहे. स्पास्टिक डायप्लेजिया, म्हणजे मुख्यतः दोन्ही पायांचे स्नायू ताठ; जीएमएफसीएस तीन, म्हणजे वॉकरसारख्या आधारानेच चालता येतं. ज्यांच्या घरी हे आहे त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळ-संध्याकाळ स्ट्रेचिंग, एएफओ (घोटा-पावलाला आधार देणारे साचे) घालताना रोजची रडारड, स्नायू सैलावणाऱ्या बोटॉक्स इंजेक्शनची तारीख, आणि प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारणार की अजून चालत नाही का. अशा घरात कुणी येऊन म्हणालं की '२४ सत्रांत वॉकर सुटेल', तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

पैशांचा हिशेब आधी सांगते, कारण तो हप्त्याहप्त्याने कसा वाढला हे महत्त्वाचं आहे. असेसमेंटचे ७,५०० रुपये. ४८ सत्रांचं पॅकेज १,४४,००० रुपयांचं, पण एकरकमी भरलं तर १,१८,००० मध्ये, आणि ही सवलत 'फक्त रविवारपर्यंत'. हेल्मेट आणि किटचे ६,८००. 'जर्मनीच्या तज्ज्ञांच्या शिबिराचे' १५,०००. ते तज्ज्ञ लॅपटॉपच्या पडद्यावर आले, आवाज तुटत होता, आणि कुठल्याही मुलाचं नाव त्यांना माहीत नव्हतं. शेवटी नवीन थेरपी घोड्यासाठी 'परत मिळणारं' डिपॉझिट ५०,०००. सगळे पैसे यूपीआयने, संस्थेच्या नव्हे, सेंटर चालवणाऱ्या सरांच्या मेहुण्याच्या खात्यावर. खातं कुणाच्या नावावर आहे ते पैसे पाठवायच्या आधी पडद्यावर दिसतं. व्यक्तीचं नाव दिसलं की तिथेच थांबा.

आम्ही अडाणी नाही. मी शाळेत शिकवते, नवरा हिशेबनीस आहे. आम्ही फसलो ते उपचार खोटा होता म्हणून नाही, उपचार खरा आहे म्हणून. हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्याच्या चालीचा वापर करून दिलेली थेरपी, ही जगात मान्य असलेली गोष्ट आहे. घोडा चालीने चालतो तेव्हा त्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली आणि दोन्ही बाजूंना हलते, आणि वर बसलेल्या मुलाच्या कमरेला जवळपास माणसाच्या चालण्यासारखीच हालचाल मिळते. मिनिटाला साधारण शंभर पावलं, म्हणजे अर्ध्या तासात तीनेक हजार वेळा मुलाच्या धडाला तोल सावरावा लागतो. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा जरा गरम असतं, त्याने ताठरलेले स्नायू थोडे सैलावतात. बसण्याचा तोल, मान आणि पाठ धरणं यात फायदा दाखवणारे अभ्यास आहेत. मी हे सगळं पैसे भरायच्या आधी वाचलं होतं, आणि सर जे सांगत होते ते वाचलेल्याशी जुळत होतं. तिथेच तर घात झाला.

सरांनी लिस हार्टेलची गोष्टही सांगितली. डेन्मार्कची ही घोडेस्वार पोलिओमुळे गुडघ्याखाली लुळी झाली, आणि तरीही १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तिने रौप्यपदक जिंकलं. गोष्ट खरी आहे. पण पोलिओ म्हणजे सीपी नव्हे, आणि ती बाई आजारी पडायच्या आधीपासूनच पट्टीची स्वार होती, हे सरांनी सांगितलं नाही. सीपीमध्ये मेंदूला झालेली इजा कुठल्याही घोड्याने भरून येत नाही. 'बरा करतो' म्हणणारा माणूस कितीही गोड बोलू दे, उठून बाहेर पडा.

आता ज्या दिवशी कळायला हवं होतं त्या दिवसाबद्दल. शहराबाहेरचं फार्महाऊस, पत्र्याचा तबेला, बाहेर नवाकोरा फ्लेक्स. घोडी देखणी होती. मी मुलाला कडेवर घेऊन तिच्याजवळ गेले तेव्हा तिच्या आयाळीत सोनेरी जरीचा एक धागा अडकलेला दिसला. पुढचे पाय खुरांच्या वर वीतभर नारिंगी होते, उतरत आलेली मेंदी. मी विचारलं. सर हसून म्हणाले, 'मुलांना आवडतं म्हणून सजवतो, मॅडम.' मी तो धागा स्वतःच्या हाताने सोडवून बाजूला टाकला! बँडवाल्याची लग्नाची घोडी माझ्यासमोर उभी होती, आणि माझा मुलगा तिच्या मानेला हात लावून हसत होता. तो असा हसताना मी कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्या हसण्यापुढे कुठल्या आईने मेंदीची चौकशी केली असती ते मला सांगा.

त्याच दिवशी फॉर्म भरून घेतला. त्यात मुलाचा रक्तगट विचारला होता, आवडता रंग विचारला होता. खुब्याचा एक्स-रे विचारला नव्हता. फिट येते का, हेही नाही. पाठीला बाक आहे का, नाही. आमच्या नेहमीच्या फिजिओताईंना मी उत्साहाने सांगितलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, 'हिपचा एक्स-रे बघितला का त्यांनी?' मला वाटलं, आपला पेशंट जातोय म्हणून बोलतात. हा विचार माझ्या डोक्यात घातलाही सरांनीच होता, 'तुमचे जुने थेरपिस्ट विरोध करतील बघा' असं म्हणून. कुठल्याही सेंटरवाल्याने हे वाक्य उच्चारलं की समजा, तो तुम्हाला एकटं पाडतोय.

सीपीच्या साधारण एक तृतीयांश मुलांचे खुबे हळूहळू सांध्यातून सरकतात, आणि बाहेरून ते दिसत नाही. मांड्यांचे आतले स्नायू ताठ असलेल्या मुलाला रुंद पाठीवर पाय फाकवून बसवायचं तर आधी एक्स-रे बघावाच लागतो. आमचा काढला तेव्हा डावा खुबा ३४ टक्के बाहेर होता. ३० च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. हे घोडीमुळेच झालं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, मीही म्हणणार नाही. पण तिथे मुलगा उतरताना रडायचा, आणि आम्हाला सांगायचे, 'स्नायू मोकळे होताहेत, रडू द्या.' या एका वाक्यासाठी मी त्या माणसाला कधीच माफ करणार नाही.

खऱ्या ठिकाणी काय असतं? एक जण लगाम धरून पुढे, मुलाच्या दोन्ही बाजूंना एकेक जण, आणि सत्र चालवणारा माणूस फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल किंवा स्पीच थेरपिस्ट. हिप्पोथेरपी ही त्यांच्या हातातली एक पद्धत आहे, दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सने मिळणारी वेगळी पदवी नव्हे. मूल बहुधा मऊ पॅडवर बसतं, चढायला उंच ओटा किंवा रॅम्प असतो. आमच्याकडे वरातीचंच खोगीर, वर चादर, एक मोतद्दार (घोडी सांभाळणारा) आणि फोनवर बोलणारे सर. महाराष्ट्रात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची नोंदणी राज्याच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी व फिजिओथेरपी) परिषदेकडे असते. नोंदणी क्रमांक मागा. भिंतीवरच्या सोनेरी चौकटी बघू नका.

तुळशीचं लग्न झालं आणि घोडी 'आजारी' पडली. चातुर्मासात नियमित मिळणारी सत्रं लग्नसराई लागताच बंद! नवीन घोडा येणार, त्यासाठी डिपॉझिट द्या. पॅकेजमधली आठ-नऊ सत्रंच झाली होती, उरलेले पैसे बुडतील या भीतीने आम्ही ५०,००० दिले. अडकलेले पैसे सोडवायला नवे पैसे कधीही देऊ नका. पुढे फोन लागेना, फ्लेक्स उतरला. खरं काय ते मोतद्दाराने सांगितलं, 'ताई, घोडी बँडवाल्याची. सर रोजाने न्यायचे, १,२०० रुपये. आमचेपण थकवलेत.' त्या गरिबाने जेवढी माहिती दिली तेवढी एकाही कार्यालयाने दिली नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. 'घोड्यावर बसवलं ना मुलाला? मग फसवणूक कुठंय? दिवाणी मॅटर आहे हा.' मी भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या ३१८ कलमाचं नाव काढलं तर अंमलदार नवऱ्याकडे बघून म्हणाले, 'मॅडम वकील आहेत का?' अर्ज ठेवून घेतला, पोच देताना सुद्धा घासाघीस. सायबरवाले म्हणाले, पैसे तुम्ही स्वतःहून ओळखीच्या माणसाला पाठवलेत, आमच्यात बसत नाही. पशुसंवर्धनवाल्यांनी विचारलं, घोडीच्या अंगावर जखमा आहेत का. नाहीत म्हटल्यावर विषय संपला.

सगळ्यात जास्त संताप दिव्यांगांसाठीच असलेल्या कार्यालयाचा आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. मी एवढंच विचारत होते की या सेंटरची नोंदणी आहे का. साहेब दौऱ्यावर, बाबू जेवायला, मग 'माहिती अधिकारात टाका.' टाकलं. उत्तर आलं, 'सदर नावाची संस्था या कार्यालयाच्या अभिलेखावर आढळून येत नाही.' म्हटलं, छान, मग बेकायदा चालवली म्हणून कारवाई करा. त्यावर लेखी उत्तर, संस्था नोंदणीकृत नसल्याने कारवाई या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही! म्हणजे नोंदणी करणाऱ्याला नियम आणि न करणाऱ्याला मोकळं रान? राज्यात २०२२ मध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग झाला, तेव्हा आम्ही पालकांनी पेढे वाटले होते. मुलाला मांडीवर घेऊन त्या जिन्याच्या पायऱ्यांवर बसले होते मी, कारण त्या कार्यालयाची लिफ्ट बंद होती. दिव्यांगांच्या कार्यालयाची लिफ्ट! बाजूने जाणाऱ्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाई, तू इथे का बसलीस.

पोलीस घेत नसतील तर तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवा, तसं कायद्यातच आहे. तिथेही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकारी. आम्ही दोन्ही केलं. हालचाल झाली ती मात्र जिल्हा ग्राहक आयोगातून. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावायची सक्ती नाही, ऑनलाइन भरता येतं, आणि १९१५ वर फोन करून आधी विचारताही येतं. नोटीस निघाल्यावर मेहुण्याच्या खात्यावरून १०,००० रुपये परत आले आणि 'केस मागे घ्या' असा निरोप. घेतलेली नाही. दुसरी नोटीस 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली आहे, पुढची तारीख पडली आहे.

तुमच्याकडे अशा सेंटरची पावती असेल तर तिच्यावरचा ट्रस्टचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या यादीत तपासा. आमच्या पावतीवरचा एका भजनी मंडळाचा निघाला. तुमचाही तसाच निघाला, तर पावती, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं सगळं बोलणं डिलीट न करता जपून ठेवा, आणि आपापल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार भरा. त्यानंतर उशीर का झाला याचं उत्तरही तुम्हालाच द्यावं लागतं.