पानिपतचा पराभव शोधायचा, तर आधी कुठला कागद उघडायचा?

पानिपतावर काही लिहायचं मनात आलं की पहिला घोळ हाच. छापील पत्रं वाचायची, फारसी हकिकतींकडे वळायचं, की थेट पुण्याच्या पेशवे दफ्तरात जाऊन मोडीचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडायचे? तिन्ही करायला आयुष्य हवं. तेव्हा आधी स्वतःला विचारा, मला नक्की काय हवंय?

पराभव कसा ओढवत गेला हे हवं असेल, तर छापील पत्रांना तोड नाही. वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड 1898 चा, त्यात 1750 ते 1761 ची पत्रं आहेत. सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दफ्तराचे 45 खंड 1930 च्या दशकातले. सगळं देवनागरीत, घरी बसून वाचता येतं. 1760 च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात मराठा सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, उत्तरेतले पेशव्यांचे मामलेदार गोविंदपंत बुंदेले यांच्याकडे नावा, पैसा, धान्य मागत राहतात. लागोपाठ ते तगादे वाचले की पोटात गोळा येतो. मात्र राजवाड्यांची प्रस्तावना शेवटी वाचा. मल्हारराव होळकर आणि गोविंदपंत यांना त्यांनी आधीच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलंय. एकदा ती डोक्यात बसली की पत्रं मोकळेपणी वाचता येत नाहीत. तारखाही तपासा. पुष्कळ पत्रांवर नुसता ‘छ’ (चंद्राची तारीख) आणि मुसलमानी महिना असतो, साल संपादकाने ठरवलेलं.

पण या पत्रांची खरी अडचण वेगळीच आहे. ऑक्टोबर 1760 अखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीचा रस्ता तुटला. दफ्तरात मुख्यतः पोचलेली पत्रं असतात. वाटेत जी अडली ती तिथे कशी सापडणार? छावणीतच राहिलेल्या कागदांचं लुटीत काय झालं असेल, ते वेगळं सांगायला नको. म्हणजे उपासमारीचे जे दोन-अडीच महिने आपल्याला सर्वांत जास्त हवेत, तिथेच मराठी कागद विरळ होतो.

ती पोकळी भरायला काशीराज. माणूस दक्षिणी ब्राह्मण, चाकरी अब्दालीच्या बाजूने असलेल्या अवधच्या नवाब शुजाउद्दौल्याची, लिहिलं फारसीत. तहाच्या बोलण्यांत त्याचा स्वतःचा हात होता. शेवटच्या पहाटे भाऊंची चिठ्ठी आली, पेला काठोकाठ भरलाय, आता थेंबही मावत नाही, ही गोष्ट आपल्याला त्याच्यामुळेच कळते. मराठा सेनापतीचे शेवटचे शब्द शत्रूच्या गोटातल्या कारकुनाने जपावेत! पण त्याने लिहिलं लढाईनंतर सुमारे वीस वर्षांनी, आणि धन्याची बाजू सांभाळून. शुजाला तहाची किती कळकळ होती हे तो सांगतो, तिथे थोडं सावधपणेच वाचावं. फारसी येत नसेल तर इंग्रजी भाषांतरावर भागवावं लागतं, ती एक चाळणी आणखी.

भाऊसाहेबांची बखर भाषेसाठी वाचा. आकड्यांसाठी नको. नाना फडणीसांचं आत्मवृत्त छोटं आहे, पण रणातून निसटलेल्या माणसाचं आहे, ते चुकवू नका.

राहिले मोडीचे रुमाल. लढाईचं वर्णन शोधायला तिथे जाऊ नका, महिने जातील. इंग्रजांच्या इनाम कमिशनने हे दफ्तर लावलं ते जमीन-महसुलाच्या वादांसाठी. त्यामुळे खर्च, कर्ज, इनामं यांवर काम करणाऱ्याला मात्र दुसरा पर्यायच नाही. ‘आमचा पूर्वज पानिपतात पडला’ असं घरात ऐकलेल्यांनाही हेच सांगेन. त्याचं नाव सापडलंच तर बहुधा युद्धाच्या पत्रात नाही, वारसांना दिलेल्या बालपरवेशीच्या, म्हणजे पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोटगीच्या, नोंदीत सापडेल.

त्यासाठी मोडी आधी शिकून घ्या आणि सुहूर सनाचं, म्हणजे या कागदांतल्या अरबी आकड्यांच्या कालगणनेचं, कोष्टक जवळ ठेवा. 1760–61 म्हणजे इहिदे सितैन (एकसष्ट), पण तेवढंच साल मागवून थांबू नका. पुढची काही वर्षंही पाहा. हरवलेला माणूस मेला असं घरचे लगेच मानत नसत. खुद्द त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी भाऊसाहेब गेले हे मानलं नाही, आणि भाऊसाहेब म्हणवणाऱ्या तोतयाचं प्रकरण मिटायला 1776 उजाडलं.