जुना लॅपटॉप आणि तीन लिनक्स: मिंट टाकू, उबुंटू टाकू की फेडोरा?

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून माझ्याकडे घरातले, मित्रांचे, मित्रांच्या सासऱ्यांचे लॅपटॉप यायला लागलेत. मशीन ठणठणीत असतं, सहाव्या नाहीतर सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, आठ जीबी रॅम, पण विंडोज ११ म्हणतं तुमचा प्रोसेसर चालत नाही, इंटेल असेल तर आठव्या जनरेशनपासून पुढचाच पाहिजे, वर टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप पण पाहिजे. एक वर्षाचे जादा सिक्युरिटी अपडेट घेता येतात, पण ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच, मग परत तोच प्रश्न. मग माणूस विचारतो, "लिनक्स टाकून दे ना, पण कुठलं?"

लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम, पण ती वेगवेगळे लोक वेगवेगळ्या नावांनी देतात, त्यामुळे नेटवर शोधलं तर पन्नास नावं येतात आणि डोकं उठतं. मी तिघांच्या पुढे जात नाही, मिंट, उबुंटू आणि फेडोरा. आणि एक आधीच सांगतो, लिनक्स कुठलं हे मी मशीन बघून फारसं ठरवत नाही, समोर बसणारा माणूस बघून ठरवतो, म्हणजे काही अडलं की हा किती वेळा फोन करणार आणि कुणाला करणार. फोन मलाच येणार असेल तर मिंट. विषय संपला. पण तुम्हाला स्वतःसाठी ठरवायचंय, तर नीट सांगतो.

मिंट आतून उबुंटूच आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. मिंट २२ ची सगळी मालिका उबुंटू २४.०४ वर बांधलेली आहे आणि २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत. म्हणजे उबुंटूवर चालतं ते बहुतेक सगळं इथे चालतं. फरक आहे तो दिसण्यात आणि दोन-तीन निर्णयांत. मिंटचा सिनॅमन डेस्कटॉप, म्हणजे समोर दिसणारा सगळा पडदा, उघडला की खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, विंडोज ७ वाल्याला काही शिकवावं लागत नाही. माझ्या मामांचं बियाणं-खताचं दुकान आहे, वय सत्तरीला आलंय, त्यांना मी मिंट टाकून दिलं आणि "हे नवीन विंडोज आहे का" एवढाच प्रश्न आला. मी हो म्हणालो. (मामी, तुम्ही हे वाचत असाल तर सांगू नका.)

उबुंटूचं तसं नाही. डावीकडे ॲपच्या आयकॉनची उभी पट्टी म्हणजे डॉक, वरती पट्टी, विंडो शोधायची पद्धत वेगळी, आणि सुरुवातीचे चार दिवस माणूस चिडचिड करतो. पाचव्या दिवशी बऱ्याच जणांना आवडायला लागतं हे पण खरंय, विशेषतः टचपॅड चांगला असेल तर, तीन बोटं वर सरकवली की सगळ्या विंडो पसरतात आणि ते बोटाबरोबर इतकं गुळगुळीत हलतं की सिनॅमनमधली तीच खूण त्यापुढे जरा अडखळल्यासारखी वाटते. फेडोरा वर्कस्टेशन, म्हणजे फेडोराचं मुख्य व्हर्जन, त्याहून कोरडं. ग्नोम हा डेस्कटॉप जसा बनवला तसाच देतात, डॉक समोर दिसत नाही, विंडो खाली घालायचं बटण नाही, घड्याळापाशी ॲपचे छोटे आयकॉन पण एक्स्टेन्शन टाकल्याशिवाय येत नाहीत. विंडोजवरून आलेल्याला फेडोराच हवं असेल तर केडीई या दुसऱ्या डेस्कटॉपवालं घ्या, एप्रिल २०२५ च्या फेडोरा ४२ पासून त्याला वर्कस्टेशनच्या बरोबरीचा दर्जा दिलाय आणि ते दिसायला पण ओळखीचं आहे.

आता रॅम. मिंटवाले कमीत कमी २ जीबी आणि आरामात वापरायला ४ जीबी सांगतात, उबुंटू २४.०४ ला सुरुवातच ४ ची. पण हे आकडे नुसतं चालू होण्याचे झाले हो, त्यात क्रोम उघडून दहा टॅब लावल्या की ४ जीबीवर तिन्ही रडतात. ४ जीबीच असेल आणि वाढवता येत नसेल तर मिंटचं एक्सएफसीई व्हर्जन घ्या, दिसायला साधं, खायला कमी. ८ असेल तर बिनधास्त सिनॅमन किंवा उबुंटू. आणि लॅपटॉपमध्ये अजून जुनी फिरणारी हार्डडिस्क असेल तर लिनक्सची चर्चा बाजूला ठेवा, आधी २५६ जीबीची साटा एसएसडी टाका, त्याने जो फरक पडेल तो कुठल्याही लिनक्सने पडणार नाही. ३२ बिटचं मशीन असेल तर यातलं एकही चालणार नाही, तेही सांगून ठेवतो.

स्नॅप, म्हणजे उबुंटूची ॲप देण्याची पद्धत, हा वादाचा मुद्दा. उबुंटूमध्ये फायरफॉक्स स्नॅप म्हणून येतं, म्हणजे सगळा पसारा एका दाबून भरलेल्या फाइलीत, त्यामुळे पहिल्यांदा उघडायला जरा वेळ घेतं आणि अपडेट त्याचं त्याचं होतं, मध्येच सांगतं की ॲप बंद करा, अपडेट थांबलाय. मिंटने २०२० मध्ये, मिंट २० पासून, स्नॅप सरळ बंदच ठेवलं, फायरफॉक्स नेहमीच्या पॅकेजमधून देतात आणि बाकी ॲपसाठी फ्लॅटपॅक ही तसलीच दुसरी पद्धत तयार असते. यावर लोक भांडतात जशी काही जमिनीची वाटणी चाललीये. एसएसडी असेल तर रोजच्या वापरात तुम्हाला यातलं फार काही जाणवणार नाही. जुन्या डिस्कवर मात्र जाणवतं, आणि जुनी मशीनं तर मिंटवरच जातात, त्यामुळे माझ्यापुरता वाद मिटलेला आहे.

अपडेटचं मात्र नीट बघा, कारण खरा फरक इथे आहे. फेडोरा दर सहा महिन्यांनी नवीन येतं आणि एक व्हर्जन साधारण तेरा महिने चालतं, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठा अपग्रेड करावाच लागतो. तो बहुतेक वेळा सुरळीत होतो, पण "बहुतेक वेळा" हा शब्द मामांच्या दुकानात चालत नाही. उबुंटूची एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, म्हणजे जास्त दिवस चालणारी) दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि पाच वर्षं अपडेट मिळतात, घरगुती वापराला पाच मशीनपर्यंत उबुंटू प्रो फुकट आहे, ते जोडलं की दहा वर्षं. मधली सहामाही व्हर्जनं नऊ महिन्यांत संपतात, त्यांच्या नादी लागू नका, डाउनलोड करताना एलटीएस हा शब्द बघूनच बटण दाबा. मिंटमध्ये घड्याळाशेजारी छोटी ढाल असते, अपडेट आलं की तिच्यावर ठिपका. मामांना मी एवढंच सांगितलंय, ठिपका दिसला की दाबा, पासवर्ड टाका, चहा घ्या.

आणि मिंट पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट लावायला सांगतं, ते लावाच. एखादं अपडेट बिघडलं तर सिस्टिम काल होती तशी परत आणता येते. फक्त एक घोळ लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट तुमचे फोटो आणि कागदपत्रं धरत नाही, फक्त सिस्टिम धरतं. फोटोंचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर तुम्हालाच घ्यायचाय.

फेडोरा मग घ्यायचं कुणी? ज्याचा लॅपटॉप एकदम नवा आहे आणि वायफाय किंवा ग्राफिक्सला ताजं कर्नल (लिनक्सचा गाभा) पाहिजे त्याने, आणि ज्याला हे सगळं शिकायचंय त्याने. माझी भाची इंजिनिअरिंगला आहे, तिला मी फेडोरा दिलं आणि ती माझ्यापेक्षा पुढे गेली. फक्त पहिल्या दिवशी कोडेकचं, म्हणजे व्हिडिओ उलगडणाऱ्या प्रोग्रामचं, बघावं लागतं. पेटंटच्या भानगडीमुळे फेडोरा काही व्हिडिओ फॉरमॅट सोबत देत नाही, फोनवर काढलेला एचईव्हीसी व्हिडिओ उघडत नाही आणि माणसाला वाटतं लॅपटॉप बिघडला. आरपीएम फ्यूजन नावाची वेगळी रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचं कोठार) जोडली की मिटतं. मिंट आणि उबुंटूत इन्स्टॉल करतानाच मल्टिमीडिया कोडेकची टिकमार्क असते, ती करायला विसरू नका. अजून एक गंमत, फेडोराच्या सॉफ्टवेअर ॲपमधून अपडेट घेतलं की ते रीस्टार्ट करून टक्केवारी दाखवत बसतं, विंडोजला कंटाळून आलेल्या माणसाला परत तोच गोल फिरताना बघायला मिळतो.

आता मराठी टायपिंग, कारण परदेशी तुलनांमध्ये हा मुद्दा कधीच नसतो आणि आपल्याकडे पहिला हाच असतो. वाचायला तिन्हीकडे अडचण नाही, देवनागरी फाँट असतात. लोहित हे नाव दिसेल, रेड हॅटने २००४ मध्ये खुले केलेले फाँट, आणि रेड हॅटच्या पुण्यातल्या लोकांनी त्यावर बरीच वर्षं काम केलंय, तेव्हा फेडोराचं आपल्याशी तेवढं नातं आहे. लिहायला उबुंटू आणि फेडोरा सोपे, सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे इनपुट सोर्स, तिथे मराठी जोडा, मग विंडोज बटण आणि स्पेस दाबलं की भाषा बदलते. मिंटमध्ये इनस्क्रिप्ट (सरकारी मराठी कीबोर्ड) हवं असेल तर कीबोर्ड लेआउटमध्ये जोडलं की झालं, पण फोनेटिक (इंग्रजी अक्षरं दाबून मराठी) हवं असेल तर आयबस हा भाषा टाइप करायचा प्रोग्राम आणि त्याचं एम-सेव्हन्टीन-एन हे पॅकेज सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्यावं लागतं आणि एकदा लॉगआउट करावं लागतं. इथे मिंट मागे आहे, मान्य.

आणि फोनेटिकवाल्यांनी आधी समजून घ्या, मोबाइलवर अर्धा शब्द टाकला की खाली पर्याय येतात तसं इथे नाही. जे टाइप कराल तेच येईल, र्‍हस्व-दीर्घ तुम्हीच सांभाळायचं. इनस्क्रिप्टवाल्यांना काहीच त्रास नाही, बोटं तीच. मामा इनस्क्रिप्टवाले, तरी त्यांचा पहिला फोन टायपिंगवरूनच आला, "दऱ्या" लिहायचं होतं आणि "दर्या" येत होतं. साध्या र ला हलंत दिलं की रफार होतो, म्हणून नुसतं J न दाबता शिफ्ट धरून J दाबायचं, नुक्तावाला ऱ येतो, मग डी ने हलंत, मग य. तसंच आपला मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर लिब्रेऑफिसमध्ये मजकुराची भाषा हिंदी नाही तर मराठी निवडा, नोटोसारखे फाँट भाषा बघून अक्षराचं वळण बदलतात. फाँट तोच असतो, बदलतं ते नुसतं वळण, हे मला कळलं तेव्हा मी अर्धा तास एकच ओळ इकडून तिकडे करत बसलो होतो.

कुणी अजिबात बदलू नये तेही सांगतो. टॅलीवर धंदा असेल, श्रीलिपीत डीटीपी करत असाल, डिजिटल सिग्नेचरचं टोकन लावून रोज पोर्टलवर सह्या करत असाल, तर त्या मशीनवर विंडोजच राहू द्या. होतं हो काही काही, जुगाड करून चालवणारे लोक आहेत, पण महिनाअखेरीला रिटर्न भरायची वेळ आली की जुगाड नको वाटतो. प्रिंटरचं पण आधी बघा, नवे वायफायवाले प्रिंटर बहुतेक आपोआप सापडतात, पण जुने लेसर, ज्यांना कंपनीचाच खास ड्रायव्हर लागतो, ते नखरे करतात. मामांचा तसलाच निघाला, एक अख्खा रविवार गेला, शेवटी चालला पण दोन्ही बाजूंनी छापायचं काही जमलं नाही.

म्हणून इन्स्टॉल करायच्या आधी पेनड्राइव्हवरून चालवून बघा. व्हेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक सिस्टिम चालू करणारा प्रोग्राम) टाकलेला १६ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, तिन्हींच्या इन्स्टॉल करायच्या आयएसओ फाइली त्यावर नुसत्या कॉपी करा, बूट करताना कुठलं हवं ते निवडा. मग वायफाय लागतंय का, आवाज येतोय का, ब्राइटनेसची बटणं चालतात का, आणि झाकण लावून पाच मिनिटांनी उघडलं की जागं होतंय का. हे शेवटचं कुणी बघत नाही आणि नंतर सगळ्यात जास्त तक्रार त्याचीच येते. ज्यात हे सगळं पास झालं तेच घ्या, मी वर काय लिहिलंय ते विसरून जा.

विंडोज पण ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर विंडोजची डिस्क लिनक्समधून फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा आणि त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मी एकदा की न घेता घाईघाईत सिक्युअर बूट (चालू होताना सिस्टिम तपासणारी सेटिंग) बंद केलं आणि समोर निळा स्क्रीन, ४८ आकडे टाका. मित्राचा लॅपटॉप होता, त्याला अकाउंटचा पासवर्ड आठवेना, रात्रीचे साडेअकरा, आणि त्याच्या बायकोचं सकाळी प्रेझेंटेशन. की मिळाली शेवटी, पण त्या घरात लिनक्सचं नाव काढायची सोय राहिली नाही.

आणि लिनक्स वापरून परत विंडोजमध्ये गेलात आणि घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर बॅटरी बदलायला दुकानात जाऊ नका. लिनक्स मशीनच्या आतल्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळ लिहितं आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून बसतं. लिनक्सला हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव म्हणून सांगणारी एक ओळीची कमांड आहे, टाइमडेटसीटीएल (timedatectl) नावाची, ती एकदा चालवली की दोघांचं जमतं.