पाच रुपयांचं पाणी एटीएम: बाळाच्या वाटीपर्यंत पोचतं का?

कोल्हापूरच्या आसपासच्या गावांत चौकात, देवळाजवळ दिसणारं पाण्याचं एटीएम, म्हणजे कार्ड लावलं की शुद्ध केलेलं पाणी देणारं यंत्र. पाच रुपयांत 20 लिटर, पाणी नितळ, चवीला गोड. प्यायला चांगलंच. पण घरात पाच वर्षांखालचं मूल असेल, तर नुसतं कार्ड काढून भागत नाही.

हे पाणी बहुधा आरओचं, म्हणजे अतिसूक्ष्म पडद्यातून दाबानं गाळून क्षार काढलेलं; त्यात क्लोरीन उरत नाही. जारमधलं पाणी घागरीत ओतलं आणि त्यात पेल्यासकट बोटं बुडाली की जंतूंना अडवणारं काहीच नसतं. नळाला लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक हवं असं भारतीय मानक सांगतं, ते याचसाठी. त्यामुळे तोटीचं, झाकणाचं पिंप घ्या. नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं वापरा. जार आतून घासून धुवा, नुसता विसळू नका.

एटीएमवाले टीडीएस मीटर दाखवतात. तो फक्त क्षार मोजतो, जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. मागायची ती एचटूएस बाटलीची (जंतूंचा संशय दाखवणारं औषध घातलेल्या छोट्या बाटलीची) तपासणी: पाणी भरून 24 ते 48 तास उबदार जागी ठेवायचं, काळं पडलं तर विष्ठेचा संसर्ग असल्याची शंका धरायची. आणखी एक, राधानगरी, भुदरगडकडं नदीचं पाणी मुळातच मऊ. तिथं आरओ लावणं म्हणजे कितीतरी पाणी गटारात सोडणं; बारीक गाळणी आणि यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) पुरे. शिरोळच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरला मात्र आरओ लागतोच.

खरी उणीव पुढं आहे. 20 लिटर पिण्यात आणि स्वयंपाकात संपतात. वाटी-चमचा, आईचे हात, बाळाची दुपटी धुवायला काही उरत नाही. दारात नळ आणि संडास असलेल्या घराला हे जाणवत नाही. पण गळीत हंगामात फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या खोपी पडतात, तिथलं रांगतं मूल मातीतले हात तसेच तोंडात घालतं. असे जंतू रोज पोटात गेले की जुलाब न होताही आतड्याच्या अस्तराला सूज राहते आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. अंगणवाडीतला आहार नळाच्या घरातल्या आणि खोपीतल्या मुलाला सारखाच मिळतो, अंगी मात्र सारखा लागत नाही.

तरी पाण्यावर सगळी भिस्त ठेवू नका. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वेतल्या मोठ्या चाचण्यांत पाणी, संडास आणि हात धुण्याच्या साध्या सोयींनी मुलांची उंची वाढली नाही. पूरक आहारानं थोडी वाढली. बांगलादेशात जुलाब मात्र कमी झाले, आणि तेही थोडकं नव्हे.

सहा महिन्यांपर्यंत बाळाला हेही पाणी नको, आईचं दूधच. पुढं जुलाब लागले तर ओआरएसचं (जलसंजीवनीचं) एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवा, 24 तासांनी उरलेलं ओता, आणि झिंक 14 दिवस द्या.

नळ-संडास असलेल्या घराला एटीएम घेण्याजोगं आहे. खोपीतल्या कुटुंबाला ग्रामपंचायतीनं कार्डाबरोबर तोटीचं पिंप आणि हात धुवायला नळकोंडाळंही द्यायला हवं.