गणपतीला गावी काय न्यायचं? खाऱ्या हवेत टिकणारे स्पीकर, कानातले आणि फोन

श्रावण लागला की मुंबईतल्या दुकानांत चाकरमान्यांची ठरलेली खरेदी सुरू होते. गावच्या घराला एखादा स्पीकर, भाच्याला कानातले हेडफोन, जमलंच तर दादाला नवा फोन. दुकानदार "बेस बघा" म्हणतो आणि एसीत सगळंच छान वाजतं. पण वस्तू जाणार असते हर्णैला, देवगडला नाहीतर वेंगुर्ल्याला. तिथे जी हवा खिडकीचे गज खाते, तीच हिच्याही मागे लागते. म्हणून आवाजाच्या आधी मी एकच बघतो: या वस्तूला भोकं किती आणि ती बंद कशी केलीत.

स्पीकरमध्ये घरोघरी दोन टोकं दिसतात, जेबीएलचा फ्लिप आणि सारेगामाचा कारवां. दोन्ही उचलून नेता येतात, साम्य तिथेच संपतं.

साध्या खोक्याच्या स्पीकरला बेस यावा म्हणून बहुधा एक भोक ठेवलेलं असतं. आतली हवा त्यातून ये-जा करते. पाणी अडवायचं तर ते भोक चालत नाही. म्हणून फ्लिपच्या दोन्ही टोकांना रबरी काठाच्या तबकड्या बसवल्या आहेत, त्यांना पॅसिव्ह रेडिएटर म्हणतात. त्यांना वायर नाही की चुंबक नाही. आतल्या हवेच्या दाबानेच त्या हलतात, आणि खोकं पूर्ण बंद राहूनही बेस मिळतो. गाणं वाढवलं की त्या धडधडताना दिसतात. पोरं हटकून त्यात बोट घालतात, तेवढं घालू देऊ नका.

इथे आकडे नीट वाचावे लागतात. वस्तू पाणी आणि धूळ किती अडवते ते आयपी मानांकन सांगतं. २०१९ च्या फ्लिप ५ ला आयपीएक्स ७ मानांकन आहे, २०२१ च्या फ्लिप ६ ला आयपी ६७. शेवटचा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मधला एक्स म्हणजे धुळीबद्दल कंपनीने दावाच केलेला नाही, आणि ६ म्हणजे धूळ आत जाणार नाही. पुळणीवर बसायची सवय असेल तर हा फरक पाण्याच्या आकड्याहून मोठा, कारण वाळू पाण्यापेक्षा चिवट. आणि ही चाचणी गोड्या पाण्यातली असते. समुद्राचं पाणी लागलं तर फ्लिप नळाखाली धरून हलका धुवा आणि चार्जिंगची पिन पूर्ण सुकू द्या. पिनेत खारट ओल असताना चार्जर लावला की वीज त्या ओलीतून वाट काढते आणि पिनेचा धातूच झिजतो. माझ्या मते किनाऱ्यावर वस्तू पाण्यात पडून मरतात त्याहून जास्त अशा घाईच्या चार्जिंगने मरतात.

होडीवर न्यायचा असेल तर मात्र फ्लिप नको, अल्टिमेट इअर्सचा वंडरबूम बघा. तो तरंगतो. आयपी ६७ वाला बुडाला तरी अर्धा तास जिवंत राहील, पण त्याला वर काढणार कोण?

कारवां २०१७ मध्ये आला तो जुन्या ट्रान्झिस्टरचं रूप घेऊन. गोल मोठं बटण, आत ५,००० हिंदी गाणी, मराठी गाण्यांचा वेगळा कारवांही मिळतो. ना फोन जोडायचा, ना नेट. ज्या म्हाताऱ्या माणसाला ब्लूटूथ जोडून देणारं घरात कुणी नाही, त्याच्यासाठी याच्याइतकं समजूतदार डिझाइन मी पाहिलेलं नाही. पण तो पावसासाठी केलेलाच नाही. खळ्यात ठेवायचा नाही, माजघरात ठेवायचा. बॅटरी साधारण पाच तासांची, फ्लिप ६ ची कंपनी सांगते बारा. तरी कारवांत रेडिओ आहे, तो फ्लिप ६ मध्ये नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला धडकलं, त्यानंतर कित्येक गावांत बरेच दिवस ना वीज होती ना मोबाइलची रेंज. ते ज्यांनी काढलंय त्यांना रेडिओचं महत्त्व सांगायला नको.

थोडक्यात आईवडिलांना कारवां, घरात पोरंसोरं असतील तर फ्लिप. आरतीला दोन्ही बंद ठेवायचे. टाळ-मृदंगापुढे तसंही कुणाचं काही चालत नाही.

कानातल्यांत भाचा बड्स मागणार, म्हणजे डबीत ठेवायचे सुटे बिनवायरचे. तुम्ही नेकबँड न्या, मानेवरच्या पट्ट्याला जोडलेले. बड्स दिसायला देखणे, पण त्यांचं दुखणं डबीत आहे. बडच्या बुडाशी आणि डबीच्या तळाशी धातूच्या बारीक टिकल्या असतात, चार्जिंग त्यांच्यातूनच होतं. घाम आणि खारी हवा त्यांवर बसली की त्या काळ्या-हिरव्या पडतात, मग एक बड चार्ज होतो आणि एक नाही. खोक्यावरचं मानांकन बऱ्याचदा फक्त बडचं असतं, डबीचं नसतंच. ॲपलनेसुद्धा एअरपॉड्स प्रोच्या डबीला आयपीएक्स ४ (म्हणजे फक्त पाण्याच्या शिंतोड्यांपुरतं) दिलं ते २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीत. नेकबँडला डबीच नाही. चार्जिंगचं भोक एकच, त्यावर बहुधा रबरी झाकण. बॅटरी मानेवरच्या पट्ट्यात असल्याने मोठी बसते. वापरून झालं की दोन्ही बोंडं लोहचुंबकाने एकमेकांना चिकटतात आणि वस्तू गळ्यातच राहते. एसटीच्या गर्दीत बड पडला तर तो गेलाच म्हणायचा.

बड्स घ्यायचेच असतील तर डबीचं मानांकन विचारा. दुकानदार गप्प झाला की समजायचं.

फोनबद्दल थोडंच. पाणी अडवायचं तर फोन चिकटवून बंदच करावा लागतो, असं कंपन्या सांगतात. २०१४ चा सॅमसंग गॅलेक्सी एस ५ आयपी ६७ होता, आणि तरी त्याचं मागचं झाकण नखाने निघायचं, बॅटरी बदलता यायची, हेडफोनचं भोकही होतं. तीच जात आज गॅलेक्सी एक्सकव्हर ७ मध्ये उरली आहे: आयपी ६८, निघणारी बॅटरी, हेडफोनचं भोक. कॅमेरा साधा आहे, अंगाने जाड आहे. दादा बागेत नाहीतर होडीवर जात असेल तर त्याला हाच द्यावा. भाच्याला रील काढायचे असतील तर तो याच्याकडे बघणारही नाही, त्याला नेहमीचा काचेचा फोन.

कुठलाही फोन घ्या, पाण्याने बिघडला तर तो बहुतेक वेळा वॉरंटीत बसत नाही, खोक्यावर ६८ लिहिलेलं असलं तरी. सर्व्हिस सेंटर रत्नागिरीला आहे, कणकवलीला आहे की थेट कोल्हापूर गाठावं लागेल, हे पैसे देण्याआधी विचारून घ्या. आणि बिल फोनच्या खोक्यात ठेवू नका, त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाका. गावच्या कपाटात पावसाळाभर पडलेला कागद दिवाळीला वाचता येत नाही.