घासलेलं जुनं पिस्तूल: नवा ब्लू मारावा की राहू द्यावं?

माझ्या कपाटात सध्या दोन्ही प्रकार नांदतात. सासऱ्यांकडून वारसाने आलेलं वेब्ली अँड स्कॉट मी हौसेने नव्याने ब्लू करून, म्हणजे पोलादाला काळीनिळी झळाळी चढवून, घेतलं. पुढे विकत घेतलेल्या कोल्ट १९०३ ला मात्र तेलाच्या फडक्यापलीकडे काही लावलेलं नाही. दोन्ही बत्तीस बोर. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्यावर दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यामुळे माझी हौस इथेच संपली. तरी ओळखीतलं कुणी जुनं पिस्तूल घ्यायला निघालं की हाच प्रश्न विचारतं, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

ब्लू मारून आणलं की पहिल्या दिवशी जो आनंद होतो तो खोटा नसतो. होल्स्टरमध्ये घासून स्लाइडचं, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाचं, तोंड पांढरं पडलेलं, मुठीच्या पट्टीवर घामाचे तपकिरी डाग, हे सगळं जाऊन काळानिळा एकसारखा रंग येतो. हिनेसुद्धा "नवीन घेतलंत का?" असं विचारलं होतं. डीलरही हाच सल्ला देतात आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. नागरिकांसाठी परदेशी हत्यारांची आयात ऐंशीच्या दशकाच्या मध्यात बंद झाली. तेव्हापासून आपल्याकडे भाव ठरतो तो माल परदेशी आहे का, नीट चालतो का, बोर परवान्यात बसतो का, यावर. चकाकी असली की गिऱ्हाईक पटकन तयार होतं. मूळ ब्लू थोडाच उरलेला असला तरी त्यासाठी जास्त पैसे मोजणारे शौकीन परदेशात पुष्कळ. पुण्यात मला हाताच्या बोटांवर मोजण्याइतके भेटले. तेव्हा दोन-चार वर्षांत विकूनच टाकायचं असेल तर माझं पुढचं रामायण वाचलं नाहीत तरी चालेल.

माझं बिनसलं ते बफवरून, म्हणजे धातू घासून चकचकीत करणाऱ्या फिरत्या चाकावरून. ब्लू म्हणजे काही रंगाचा थर नव्हे, पोलादाच्याच अंगावर धरलेला काळा ऑक्साइड. खाली ओरखडे, खड्डे असतील तर ते वर जसेच्या तसे दिसतात. म्हणून ब्लू करणारा आधी खड्डे जाईपर्यंत बफ फिरवतो. पुढे कॉस्टिक सोड्याच्या टाकीत, साधारण १४० अंशांना, जे काय व्हायचं ते होतं. पण नुकसान त्याआधीच झालेलं असतं. माझं वेब्ली परत आलं तेव्हा ते ट्यूबलाइटखाली आडवं धरून पाहिलं. स्लाइडवर ट्यूबची रेघ सरळ पडेना, पाण्यात हलल्यासारखी वाकडीतिकडी. पिनांच्या भोकांच्या कडा बशीसारख्या खोलगट झालेल्या. वेब्ली हे मुळात ठोकळ्यासारखं पिस्तूल, त्याचं रूप म्हणजे ते करकरीत कोपरेच. ते आता वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे दिसतात. 'बर्मिंगहॅम'ची शेवटची अक्षरं पूर्वी बोटाला लागायची, आता डोळ्यांनाही सापडत नाहीत.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. पण परवान्याच्या नूतनीकरणाला पिस्तूल ठाण्यात दाखवायला नेलं. हवालदारांनी रजिस्टर उघडलं, पिस्तूल खिडकीशी नेलं, चष्मा वर केला, खाली केला. "साहेब, हा तीन आहे की आठ?" मला ठाऊक होतं तीन आहे, पण मी सांगून काय उपयोग? शस्त्र कायद्याच्या कलम ८ नुसार हत्यारावरचा नंबर पुसणं किंवा बदलणं हा गुन्हा आहे. आपण मुद्दाम काही केलेलं नाही हे दाखवायला कामाचं बिल, दुरुस्ती करणाऱ्याचं पत्र, सासऱ्यांच्या जुन्या परवान्याची नक्कल आणि तीन फेऱ्या लागल्या. त्यांची काही चूक नव्हती. पैसे मोजून मीच ती कटकट घरी आणली होती.

म्हणून कोल्टच्या वेळी मी दिसण्यापेक्षा अक्षरं पाहिली. विकणाऱ्याने विक्रीच्या ४५ दिवस आधी सरकारदरबारी लेखी कळवावं लागतं, त्या मुदतीत मी दोनदा भिंग घेऊन जाऊन आलो. स्लाइडवर कोल्टची खूण असलेल्या उधळलेल्या घोड्याचे पाय स्पष्ट होते, नंबरच्या कडा धारदार होत्या. जिथे हात आणि होल्स्टर लागतं, नेमकं तिथेच घासलेलं. असं असेल तर बेलाशक घ्यावं, तपकिरी छटा कितीही असो. उलट ब्लू एकसारखा आणि अक्षरं मात्र पुसट, असं दिसलं तर ते आधीच कुणीतरी बफवर धरलेलं असतं. तिथे मूळपणा गेलेलाच आहे, पुन्हा ब्लू केल्याने फारसं बिघडणार नाही. फक्त नंबरला बफ लावू देऊ नका, आणि हे कामाच्या पावतीवर लिहून घ्या.

मधला एक रस्ता आहे, रस्ट ब्लूचा. पातळ गंज धरवायचा, पाण्यात उकळून तो काळा करायचा, बारीक स्टील वूलने झटकायचा, आणि हे पुन्हा पुन्हा. हाताचं काम असल्याने कोपरे वाचतात. पण हे मन लावून करणारा, शिवाय दुरुस्तीचा परवाना असलेला माणूस मिळायला हवा. भोसरीतल्या ब्लॅकोडायझिंगवाल्याकडे, म्हणजे कारखान्यांचे सुटे भाग काळे करून देणाऱ्याकडे, टाकून देण्याचा सल्लाही मला मिळाला आहे. प्रक्रिया जवळजवळ तीच टाकीतली, हे खरं; पण परवाना नसलेल्याकडे हत्यार सोपवणं म्हणजे वेगळंच प्रकरण.

नव्याने ब्लू न केलेल्या पिस्तुलाचा त्रास नाही असं म्हणणार नाही. पुण्याच्या पावसाळ्यात ते कातडी होल्स्टरमध्ये ठेवायची सोय नाही, कातडं ओल धरतं. महिन्यातून एकदा तेलाचा हात, लाल गंज दिसला तर चार शून्यांच्या स्टील वूलने तेलातच हलकं चोळणं, तपकिरीला न छेडणं, एवढं करावंच लागतं. निवडणूक आली की हत्यारं ठाण्यात जमा, तेव्हा तर हात लावायचीही सोय नाही. गेल्या विधानसभेला दोन्ही जाड ग्रीस लावून दिली होती. परत आल्यावर कोल्टच्या मुठीवर तांदळाएवढा लाल ठिपका निघाला, दोन मिनिटांत गेला. नव्या ब्लूच्या वेब्लीवर ठिपका नव्हता. फक्त ग्रिपचा स्क्रू काढला तर आत पांढरी पूड जमलेली, टाकीतले क्षार फटीत राहून गेले होते, आणि पुडीखाली गंज.