आयसीडीची एक बाटली: स्वस्त, भरवशाची, पण वाचता यायला हवी

आयसीडी म्हणजे छातीत साठलेली हवा काढायला बरगड्यांमधून घातलेली नळी. तिला जोडायचा, मिरजेच्या सर्जिकल दुकानात मिळणारा साधा एक-बाटलीचा अंडरवॉटर सील सेट: नळीचं टोक पाण्याखाली, म्हणजे हवा बाहेर जाते, परत आत येत नाही. उंच, सडपातळ, एरवी धडधाकट पोराच्या फुप्फुसाच्या टोकावरचा फुगा फुटून छातीत हवा साठते, तिथे तो पुरतो.

आधी तो लागणारच आहे का, ते बघा. उभ्याने काढलेल्या एक्स-रेत मिटलेल्या फुप्फुसाची कड दिसली म्हणजे लगेच नळी, असं नाही. धाप नाही, बीपी-ऑक्सिजन ठीक आहे, तर नुसतं लक्ष ठेवूनही भागतं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या २०२० च्या अभ्यासात बरीच हवा असलेल्यांतही ते जमलं. धाप असेल तर सुईने हवा ओढून पाहता येते. अडीच लिटर काढूनही हवा येतच राहिली, तर गळती चालू आहे, नळी घाला. नुसत्या हवेला १२-१४ फ्रेंचची (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) पुरते, २८ ची जाड नळी उगाच दुखते.

बाटलीत निर्जंतुक पाणी खुणेपर्यंत, नळीचं टोक २ सेंमी बुडालेलं. जास्त बुडालं तर हवेला बाहेर पडायला जोर लागतो, उघडं पडलं तर बाहेरची हवा थेट छातीत. झाकणावरचं हवेचं भोक पाणी सांडू नये म्हणून कुणीतरी चिकटपट्टीने बंद करतं. ती आधी काढा.

श्वासाबरोबर नळीतलं पाणी वरखाली होत असेल तर ठीक. थांबलं, तर नळी मुडपलीय किंवा फुप्फुस पूर्ण फुललंय; एक्स-रे सांगेल. बुडबुडे म्हणजे गळती. पण या सेटचा जोड सैल बसतो, आणि त्यातूनही बुडबुडे येतात. नळी छातीजवळ क्षणभर चिमटीत धरा: तरी बुडबुडे चालूच राहिले, तर दोष जोडाचा.

जत-आटपाडीहून मिरजेला पाठवताना बुडबुडे येणारी नळी क्लॅम्प करू नये, म्हणजे चिमट्याने बंद करू नये. हवा आत कोंडून हृदयावर दाब येतो. बाटली फक्त छातीच्या खाली, उभी धरा. खूप दिवस मिटलेल्या फुप्फुसाला लगेच सक्शनही (यंत्राने हवा ओढणं) लावू नये, फुप्फुसात पाणी भरतं.

तक्रारी दोन: खुणा पुसट, आणि स्टँड वेगळा घ्यावा लागतो. हिंडता-फिरता पेशंट असेल तर हाइमलिक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारी छोटी झडप) सोयीचा, मात्र बाणाची दिशा पेशंटपासून बाहेर हवी. उलटा जोडला की जिवावर बेततं.

पाच दिवसांनीही बुडबुडे थांबले नाहीत, तर दुसरा सेट आणू नका, छातीच्या सर्जनला दाखवा.