चाळीस षटकांच्या क्लब सामन्यासाठी फोर पीस सीझन बॉल : वापरानंतरचा अभिप्राय

रविवारच्या चाळीस षटकांच्या सामन्यांसाठी आमच्या क्लबने यंदा टू पीस (कातड्याचे दोन तुकडे असलेले) चेंडू बंद करून फोर पीस (चार तुकडे असलेले) सीझन बॉल, म्हणजे कातडी चेंडू, घेतले. नेरुळच्या टर्फ विकेटवर, म्हणजे मातीच्या खेळपट्टीवर, झालेल्या सामन्यात दोन्ही डावांत हा चेंडू अगदी शेवटच्या षटकापर्यंत पाहिल्यावर माझे मत पक्के झाले आहे : पूर्ण दिवसाचा सामना खेळणाऱ्या क्लबने जास्तीचे पैसे मोजून हाच चेंडू घ्यावा. चेंडू मेरठचा, हाताने शिवलेला असून ठाणे स्टेशनजवळच्या खेळसाहित्याच्या दुकानातून सहाची पेटी घेतली. टू पीसच्या जवळजवळ दुप्पट किंमत पडली. क्लबच्या वर्गणीवर चालणाऱ्या संघासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून हा अभिप्राय थोडा तपशीलवार लिहीत आहे.

दोन्ही चेंडूंच्या गाभ्यात सहसा बूच आणि त्यावर घट्ट गुंडाळलेला दोरा असतो. फरक आहे तो वरच्या कातड्यात. टू पीस चेंडूत कातड्याच्या दोन अर्धगोल वाट्या मधल्या शिवणीवर जोडलेल्या असतात. फोर पीसमध्ये प्रत्येक अर्धगोल दोन तुकड्यांचा असतो, ते तुकडे आतून शिवलेले असतात आणि दोन्ही अर्धगोल एकमेकांशी काटकोनात वळवून मग जोडले जातात. त्यामुळे कातडे गाभ्यावर सगळीकडून सारखे ताणलेले राहते आणि सततच्या फटक्यांनी चेंडू एका बाजूने दबत नाही. मधल्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना मिळून टाक्यांच्या सहा ओळी असतात. भारतात कसोटी सामने ज्या एसजी कंपनीच्या चेंडूने खेळले जातात त्यात या साऱ्या ओळी हातशिलाईच्या असतात, तर कुकाबुरा या ऑस्ट्रेलियन कंपनीच्या चेंडूत फक्त मधल्या दोन ओळी हाताने घातलेल्या असतात; म्हणून आपल्याकडच्या चेंडूची शिवण अधिक उठावदार असते आणि जास्त वेळ टिकते.

प्रत्यक्ष सामन्यात याचा पहिला लाभ मध्यमगती गोलंदाजांना झाला, पण खरा लाभ फिरकी गोलंदाजांचा. सकाळी खेळपट्टीत ओलावा होता आणि पहिल्या सात-आठ षटकांत चेंडू शिवणीवर पडून दोन्ही बाजूंना हलत होता, हे तर नव्या टू पीस चेंडूनेही घडले असते. तिसाव्या षटकानंतर मात्र आमच्या ऑफस्पिनरच्या बोटांना शिवण तितकीच स्पष्ट लागत होती, चेंडू पकडीतून निसटत नव्हता आणि टप्पा पडल्यावर फिरकी व उसळी दोन्ही मिळत होती. पूर्वी या सुमारास चेंडू लंबगोल झालेला असे, शिवण कातड्यात बसलेली असे आणि फिरकी गोलंदाजाला केवळ धावा रोखण्यासाठी षटके टाकावी लागत. क्लब क्रिकेटमध्ये शिकणाऱ्या मुलाला आपली कला पारखायला मिळणारी षटके आधीच मोजकी असतात. ती खराब चेंडूपायी वाया जाऊ नयेत, असे मला मनापासून वाटते.

दुसरी गोष्ट मला त्याहूनही महत्त्वाची वाटते. हौशी सामन्यांत चेंडूचा आकार बिघडला की क्षेत्ररक्षण करणारा संघ तो बदलून मागतो, फलंदाज हरकत घेतात आणि पंचांकडे तितकाच वापरलेला दुसरा चेंडू क्वचितच असतो. नियमानुसार बदली चेंडू आधीच्या चेंडूइतकाच झिजलेला हवा. पण क्लबच्या पिशवीत एक तर कोरा चेंडू निघतो किंवा सरावात पार झिजलेला, आणि दोन्हींपैकी कोणताही दिला तरी एका संघावर अन्याय होतो. या सामन्यात पंचांनी तीन-चार वेळा चेंडू आकार तपासायच्या कड्यातून घालून पाहिला आणि प्रत्येक वेळी तोच पुढे चालू ठेवला. एकदाही वाद झाला नाही.

उणिवा आहेत. वरचे पॉलिश पहिल्या दोन षटकांत फार निसरडे असते आणि एका गोलंदाजाचे दोन फुलटॉस त्यामुळेच गेले. नेरुळच्या मैदानाचा बाहेरचा भाग जानेवारीत कडक आणि विरळ गवताचा असतो, तिथे चेंडूची एक बाजू लवकर खरवडली गेली. दुसरी बाजू घामाने पुसून चकाकती ठेवता आली. लाळ लावण्यास मात्र क्रिकेटचे नियम ठरवणाऱ्या एमसीसी या क्लबच्या नियमांनुसार ऑक्टोबर 2022 पासून मनाई आहे, हे नव्या खेळाडूंना सामन्याआधी सांगून ठेवावे. पेटीतील सहापैकी एका चेंडूची शिवण इतरांपेक्षा स्पष्टपणे बसकी निघाली. हातकामात थोडा फरक चालतो, पण या किमतीला इतका फरक असू नये. चेंडू कठीण असल्यामुळे नीट नॉकिंग न केलेल्या (हातोडीने ठोकून तयार न केलेल्या) बॅटच्या कडा जातात, हेही फलंदाजांनी लक्षात घ्यावे.

घेताना पेटी उघडून प्रत्येक चेंडू हातात फिरवून पाहावा आणि शक्य झाल्यास वजनकाट्यावर ठेवावा. पुरुषांच्या सामन्याचा नवा चेंडू 155.9 ते 163 ग्रॅम वजनाचा आणि 22.4 ते 22.9 सेंटिमीटर परिघाचा असावा लागतो. महिलांचा चेंडू सुमारे 140 ते 150 ग्रॅमचा असतो आणि दुकानात दोन्ही एकाच फळीवर ठेवलेले दिसतात. सरावाला येणाऱ्या मुलींच्या हातात पुरुषांचा जड चेंडू देऊन त्यांच्या खांद्यांवर ताण आणू नये. त्यांच्या वजनाचे फोर पीस चेंडू वेगळे मागून घ्यावेत.

मॅटवर वीस षटकांचे सामने खेळणाऱ्यांनी मात्र हा खर्च करण्याचे कारण नाही. काथ्याची मॅट कातडे झपाट्याने खरवडते, डाव लवकर संपतो आणि तेवढ्या वेळात टू पीस चेंडू आकार फारसा सोडत नाही. नेटमधील सरावासाठीही तोच पुरे. पावसाळ्यातील सामन्यांसाठीही मी फोर पीस सुचवणार नाही. कांगा लीग ही क्लब स्पर्धा 1948 पासून मुंबईत पावसातच खेळली जाते आणि आपल्याकडेही जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या मैदानांवर सामने होतात. पण तुरटीने कमावलेले कातडे पाणी प्यायले की चेंडू जड होतो, टाके फुगतात आणि कितीही चांगली शिलाई असली तरी तो एका डावापुरताच उरतो. पेटीतील उरलेले चेंडू आम्ही कोरड्या कापडात गुंडाळून कपाटात ठेवले आहेत, कारण खाडीकाठच्या दमट हवेत उघड्यावर राहिलेल्या चेंडूंवर बुरशी धरते. ते आता ऑक्टोबरनंतरच्या चाळीस षटकांच्या सामन्यांसाठी काढू.